होमस्कूलिंग केलेल्या मुलीला एनडीएत जाता येतं का?

एका आईने विचारलं आहे : मुलगी पाचवीपासून घरीच शिकते. यंदा एनआयओएस या मुक्त शिक्षण मंडळातून दहावी झाली, वय साडेपंधरा. तिला एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) नेव्हीत जायचं आहे. नातेवाईक सांगतात की शाळेचा दाखला नाही, त्यामुळे फॉर्मच भरता येणार नाही. खरं काय, आणि पुढच्या दोन वर्षांत काय करावं?

ताई, फॉर्म भरता येतो. नातेवाइकांना सांगा, काळजी करायचीच असेल तर एसएसबीची, म्हणजे सेनादलांच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या-मुलाखतींची करा.

एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते आणि पात्रतेसाठी ती बारावीचं प्रमाणपत्र बघते. आर्मीसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. एअर फोर्स, नेव्ही आणि केरळातल्या एझिमलाच्या नेव्हल अकादमीची टेन प्लस टू एंट्री यांना फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. तुम्ही किती वर्षं शाळेत गेलात, वर्गशिक्षक कोण होते, शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे, हे पात्रतेच्या अटींत कुठेही नाही. एनआयओएस हे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतलं राष्ट्रीय मंडळ आहे आणि त्याची बारावी ही बारावीच असते.

इंटरनेटवर होमस्कूलिंगबद्दल वाचायला गेलं की बहुतेक माहिती अमेरिकेतली मिळते. तिकडे वेस्ट पॉइंटसारख्या अकादमीला अर्ज करताना आईवडिलांनी तयार केलेली विषयवार गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचं वर्णन, खासदाराचं नामांकन असा सगळा सरंजाम लागतो. आपल्याकडे त्यातलं काहीच लागत नाही. तुम्ही घरी ठेवलेल्या प्रोजेक्टच्या फायली कितीही देखण्या असल्या तरी यूपीएससीला त्यांचा उपयोग नाही, आणि खासदाराच्या पत्राचा तर मुळीच नाही. बोर्डाचा कागद, लेखी परीक्षा, एसएसबी आणि मेडिकल, एवढ्या चारच गोष्टी.

शाळेत न गेल्याने दारं बंद होतात ती याच्या बरीच आधीची. डेहराडूनच्या आरआयएमसी या लष्करी शाळेला आठवीत प्रवेश मिळतो आणि त्यासाठी मान्यताप्राप्त शाळेत सातवीत असावं लागतं. तुमच्या मुलीचं ते वय गेलं, त्यामुळे तो विषय सोडून द्या. एनसीसीसाठी जीव टाकू नका, एनडीएला त्याची अट नाही.

आता कागद. इथे होमस्कूलिंगवाले पालक बेफिकीर असतात, कारण इतकी वर्षं कुणी त्यांच्याकडे कागद मागितलेलाच नसतो. यूपीएससी जन्मतारीख मानते ती फक्त दहावीच्या प्रमाणपत्रावरची. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट यांवर काहीही असो. तेव्हा एनआयओएसचं दहावीचं प्रमाणपत्र आजच कपाटातून काढा आणि तिचं नाव, तुमचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर तपासा. शाळेत गेलेल्या मुलांच्या नावातली चूक निदान शाळेच्या जनरल रजिस्टरवरून सुधारून घेता येते. तुमच्यामागे शाळेचा क्लार्क नाही. दुरुस्ती करायची तर एनआयओएसच्या प्रादेशिक केंद्राकडे तुम्हालाच जावं लागणार आणि त्याला वेळ लागतो. आधारवर ‘कुलकर्णी’ आणि प्रमाणपत्रावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, एवढ्यावरून ऐन प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करणारे पालक मी पाहिले आहेत.

बारावीला विषय घेताना मॅथ्स (३११), फिजिक्स (३१२), केमिस्ट्री (३१३) आणि इंग्रजी (३०२) हे चार पक्के ठेवा, पाचवा तिच्या आवडीचा. इंग्रजी टाळू नका. नेव्हीची टेन प्लस टू बी.टेक. एंट्री वेगळी असते, तिला जेईई मेनचा रँक लागतो, शिवाय पीसीएममध्ये ७० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के मागतात. एनडीए हुकलं तर ही वाट तिच्यासाठी उघडी राहिली पाहिजे. आणि हो, एनडीएला बारावीचे टक्के किती याची अट नाही, पण या दुसऱ्या वाटेला आहे. त्यामुळे ‘पास झालं की बास’ हा एनआयओएसच्या काही अभ्यासकेंद्रांत ऐकू येणारा सल्ला कानाआड करा.

प्रात्यक्षिकांचंही तसंच. केंद्रावर जाऊन स्क्रू गेज, व्हर्नियर, टायट्रेशन हाताने करून घ्या, फक्त जर्नल उतरवून आणू नका. पीसीपीचे (केंद्रावरचे संपर्क-तासांचे) वर्ग लागतात तेव्हा तिला नियमित पाठवा, टीएमए (घरून लिहून द्यायचे स्वाध्याय) वेळेवर द्या. त्या केंद्राच्या समन्वयकाशी ओळख ठेवण्याला एक व्यावहारिक कारण आहे. एसएसबीला बोलावणं येतं तेव्हा बारावीचा निकाल लागलेला नसेल तर ‘ही आमच्याकडे बारावीला बसली आहे’ असं बोनाफाइड लागतं. शाळेतली मुलं ते प्राचार्यांकडून आणतात. तिला ते या केंद्रावरून आणायचं आहे, आणि ज्या केंद्राने तिला फक्त फॉर्म भरताना पाहिलंय तिथे ते मिळवायला चार खेपा होतात.

वेळापत्रक मात्र नीट समजून घ्या, कारण एनआयओएसचं आणि यूपीएससीचं चक्र एकमेकांत सरळ बसत नाही. एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. एप्रिलच्या परीक्षेतून निवडलेल्यांचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरच्या परीक्षेतून निवडलेल्यांचा पुढच्या जुलैत. अकरावीत असताना फॉर्म भरता येत नाही, बारावीत असताना येतो. एनआयओएसमध्ये दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणजे तिची बारावी साडेसतराच्या आसपास होईल.

गोची इथे आहे. समजा तिने बारावीच्या वर्षात सप्टेंबरला एनडीए दिली आणि बारावी पुढच्या एप्रिल-मेमध्ये. कोर्स जुलैच्या सुरुवातीला. त्याआधी ठरलेल्या तारखेला बारावी पास झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. सीबीएसईचा निकाल मे महिन्यात लागून जातो, एनआयओएसचा बहुधा जून सरत आला की लागतो. सगळं जिंकून मार्कशीटसाठी अडकायला नको. म्हणून तिचा पहिला प्रयत्न बारावीच्याच वर्षातल्या एप्रिलचा ठेवा. एनआयओएसची परीक्षा त्याच सुमारास येईल, दगदग होईल, पण निकाल आणि जानेवारीचा कोर्स यांच्यात भरपूर महिने राहतात. दुसरा प्रयत्न बारावी झाल्यावरच्या सप्टेंबरचा. वयाची मर्यादा कोर्स सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस, त्यामुळे तिच्या हातात तीन-चार संधी नक्की आहेत. घाई नको, तसं ‘एक वर्ष गॅप घेऊन अनुभव घेऊ दे’ हेही नको. नेमक्या तारखा दर वेळच्या नोटिसीत असतात. ती नोटीस पूर्ण वाचायची, शेवटच्या परिशिष्टापर्यंत. क्लासवाल्यांनी काढलेला सारांश वाचून भागवू नका.

लेखी परीक्षेबद्दल थोडक्यात. मॅथ्स ३०० गुणांचं, १२० प्रश्न, अडीच तास. जनरल ॲबिलिटी ६०० गुणांचं, १५० प्रश्न, अडीच तास, त्यात २०० गुण इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापतात. कॅल्क्युलेटर नाही. गेल्या काही वर्षांत लेखीची मर्यादा ९०० पैकी साधारण २९० ते ३६० यांच्या दरम्यान राहिली आहे, म्हणजे निम्म्याहून कमीच. हा आकडा ऐकून पालक खूश होतात, पण नेव्हल अकादमी धरून सुमारे ४०० जागा आणि फॉर्म लाखोंनी, हे विसरतात. घरी शिकलेल्या मुलांचं वाचन दांडगं असतं, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान त्यांना तारून नेतं. मारतं ते मॅथ्स, आणि त्यातही वेग. आपल्या गतीने, समजून घेत शिकायची सवय चांगलीच, पण १२० प्रश्न १५० मिनिटांत म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. दर रविवारी सकाळी घड्याळ लावून, ओएमआर शीट छापून, काळ्या बॉलपेनने गोल काळे करत पूर्ण पेपर सोडवायचा. आणि शक्य तर घराबाहेर, एखाद्या अभ्यासिकेत, शेजारी अनोळखी मुलं बसलेली असताना.

आता खरा मुद्दा. एसएसबीलाही ९०० गुण, लेखीच्या बरोबरीने. पाच दिवस तिथे राहायचं. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग होतं आणि निम्म्याहून जास्त मुलं दुपारी बॅग उचलून स्टेशनवर जातात. होमस्कूलिंगची मुलं कुठे अडतात, हे मला या स्क्रीनिंगमधल्या एका चाचणीत सगळ्यात स्पष्ट दिसतं.

पीपीडीटी म्हणतात तिला. पडद्यावर एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग पंधराएक जण अर्धगोलात बसतात, प्रत्येकाने आपली गोष्ट मिनिटभरात सांगायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. घरी शिकलेली मुलगी गोष्ट उत्तम लिहिते. सांगतेही नीट, मोठ्यांशी बोलायची सवय असते. आणि मग चर्चा सुरू होते आणि पंधराही जण एकदम बोलायला लागतात. कुणीतरी ओरडतंय, ‘जेंटलमेन, लेट अस टेक चेस्ट नंबर सेव्हन्स स्टोरी,’ दुसरा त्याच्यावर आवाज चढवतोय. ही शांत बसून आपली पाळी यायची वाट बघते. पाळी येत नाही. घरात आणि आईबाबांच्या मित्रमंडळींत तिने तोंड उघडलं की सगळे थांबून ऐकत आले आहेत. तिचं बोलणं मध्येच तोडणारा समवयस्क तिला कधी भेटलेलाच नसतो. वर्गात साठ पोरांत वाढलेल्या मुलाला हे कौशल्य फुकटात मिळालेलं असतं.

यावर उपाय ओरडायला शिकवणं हा नाही. गोंधळात एका वाक्यापुरती फट सापडते, तेवढ्यात दोघांच्या गोष्टींतला समान धागा पकडून बोलायचं, आणि मग गप्प बसलेल्या कुणाला तरी आत ओढायचं. हे क्लासमध्ये आठ दिवसांत येत नाही. त्यासाठी दोन वर्षं अशा जागी घालवावी लागतात जिथे तिला कुणी ओळखत नाही, कुणी कौतुक करत नाही आणि काम मात्र सगळ्यांनी मिळून करायचं असतं. कबड्डीचा नाही तर फुटबॉलचा संघ. ढोल-ताशा पथक. गिर्यारोहणाची संस्था. गणेशोत्सव मंडळ. पोहण्याचा क्लब, नेव्हीत जायचंय म्हटल्यावर तो तर हवाच. होमस्कूलिंगवाल्या कुटुंबांचा आपापसातला ग्रुप मी यात धरत नाही. तिथली मुलं गुणी असतात, पण सगळ्यांचे आईबाप एकाच विचाराचे, आणि भांडण झालं की कुणाची तरी आई मध्ये पडते.

पथकात नुसतं नाव घालून उपयोग नाही, तिच्याकडे काहीतरी जबाबदारी यायला हवी. हे का, ते पीआयक्यू (वैयक्तिक माहितीचा) फॉर्म बघितला की कळतं. एसएसबीला पोचल्यावर हा फॉर्म हाताने भरायचा असतो आणि मुलाखत घेणारा अधिकारी तोच समोर ठेवून बसतो. त्यात शिक्षणाचा तक्ता आहे : इयत्ता, बोर्ड, वर्ष, टक्के, माध्यम, वसतिगृहात होतात की घरून येत होतात. खाली एनसीसी. मग खेळ, कोणत्या पातळीवर, किती काळ. मग छंद. आणि मग जबाबदारीची पदं. शाळेतला मुलगा तिथे क्लास मॉनिटर, हाउस कॅप्टन लिहून मोकळा होतो. तुमच्या मुलीचा तो रकाना रिकामा राहिला तर अधिकारी तिथेच बोट ठेवणार. कप्तानपदाच्या बिल्ल्याची त्याला गरज नसते. घराबाहेरच्या लोकांनी हिच्यावर कधी भरवसा टाकला का, आणि टाकला तेव्हा हिने काय केलं, हे त्याला बघायचं असतं. पथकातल्या शंभर जणांना सरावाचे निरोप पोचवणं, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवणं, ट्रेकला शेवटच्या माणसाच्या मागे चालणं, यातलं काहीही त्या रकान्यात शोभतं. मात्र खरं पाहिजे. ‘हिशेब तू ठेवलास, मग किती कमी आले आणि कुणाचे?’ हा पुढचा प्रश्न असतो.

शिक्षणाच्या तक्त्यात लपवाछपवी करू नका. दहावी-बारावी एनआयओएस, आधी घरी शिक्षण, असं सरळ लिहायचं. काही पालक कुठल्यातरी छोट्या शाळेत नावापुरता प्रवेश दाखवून ठेवतात आणि मग मुलीला ‘आमच्या शाळेचं गॅदरिंग’ वगैरे पाठ करायला लावतात. मुलाखतीत सहा-सात प्रश्न एका दमात विचारतात, नववीपासूनचे गुण, कमी-जास्त का झाले, आवडते शिक्षक कोण, नावडते कोण, का, जवळचे मित्र कोण, त्यांच्यातलं काय खटकतं. सगळं लक्षात ठेवून क्रमाने सांगायचं. खोटी शाळा तिसऱ्या प्रश्नाला कोसळते.

खऱ्या उत्तरांनाही तयारी लागतेच. ‘शाळेत का नाही गेलीस?’ हा प्रश्न येणार, हे धरून चाला. बहुतेक मुलं इथे आईबाबांचं भाषण म्हणून दाखवतात : आजची शिक्षणपद्धती, घोकंपट्टी, सर्जनशीलता वगैरे. अधिकारी शांतपणे ऐकतो आणि विचारतो, ‘हे तुझं मत की आईचं?’ मग, ‘आई शिकवते तर तिचं शिकवणं कुठे कमी पडतं?’ आणि मग हुकमी प्रश्न : ‘शिस्त, वेळापत्रक, गणवेश यांपासून लांब वाढलीस, मग अकादमीत तर घंटेवर जगायचं असतं. तिथेच का यायचंय?’ याचं तयार उत्तर मी कुणाला देत नाही. पण हे प्रश्न घरात जेवताना तिला विचारा, आणि तिने तुमच्या निर्णयावर टीका केली तर दुखावून घेऊ नका. ‘केमिस्ट्री आईला जमत नव्हती, म्हणून मी केंद्रावरच्या सरांच्या मागे लागले’ हे वाक्य अधिकाऱ्याच्या दृष्टीने दहा आदर्श वाक्यांपेक्षा वजनदार आहे.

तिची जमेची बाजूही आहे बरं का. मानसशास्त्रीय चाचण्यांत ६० शब्दांवर प्रत्येकी १५ सेकंदांत वाक्य लिहायचं असतं, अर्ध्या तासात ६० प्रसंगांवर प्रतिक्रिया, १२ चित्रांवर गोष्टी. क्लासमधून घासून आलेल्या मुलांच्या गोष्टींत नायक हटकून पूरग्रस्तांना वाचवतो. घरी शिकलेल्या, स्वतःची कामं स्वतः ठरवणाऱ्या मुलांचं लिहिणं निराळं असतं. म्हणून तिला इतक्यात एसएसबीच्या क्लासला घालू नका. लेखी पास झाल्यावर प्रक्रिया कळावी म्हणून थोडे दिवस पुरेत. बोलणं इंग्रजी किंवा हिंदीत चालतं, मध्ये हिंदी शब्द आला म्हणून कुणी काढत नाही, पण मराठीत मुलाखत होत नाही. घरात मराठीच असेल तर रोज अर्धा तास इंग्रजीत बोलायला तिला कुणी तरी द्या.

मुलींच्या जागांबद्दल : २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने परीक्षा मुलींना खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात आली आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या १७ जणी पास आउट झाल्या. मुलींच्या जागा प्रत्येक सेनादलात ठरावीक आणि थोड्याच असतात, त्यामुळे त्यांची चुरस मुलांपेक्षा तीव्र. प्राधान्यक्रम भरताना फक्त नेव्ही लिहून थांबू नका. एअर फोर्सची फ्लाइंग ब्रांच लिहिणार असाल तर दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. तिथे उंची १६२.५ सेंमी लागते, पायांची लांबीही मोजतात, आणि सीपीएसएस ही वैमानिकाची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास म्हणजे फ्लाइंग कायमचं बंद.

राहिलं मेडिकल. मुलींना सर्वसाधारण किमान उंची १५२ सेंमी, अठराच्या आतल्यांना दोन सेंमीची सवलत. शाळेत निदान वर्षाकाठी कुणीतरी डोळे-दात बघून जातं, घरी शिकणाऱ्यांचं तेही राहून जातं. पुढच्या महिन्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून चष्म्याचा नंबर आणि रंगदृष्टी तपासून घ्या. रंगदृष्टीतला दोष उपचारांनी जात नाही, नेव्हीचा बेत त्यावरच ठरेल. दातांना १४ डेंटल पॉइंट (निरोगी दातांचे गुण) लागतात, किडलेले आत्ताच भरून घ्या. गुडघे एकमेकांना घासत असतील, तळपाय सपाट असतील, कानात मळ साठला असेल तर तेही दाखवा. अंगावर टॅटू नको. आणि पळणं आजपासून सुरू करा, हळूहळू वाढवत. दोन वर्षं पुस्तकांत घालवून शेवटच्या महिन्यात धावायला लागलेल्या मुलींची नडगी हमखास दुखावते, आणि मग एसएसबीत जीटीओच्या (गटचाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) मैदानावर अडथळे पार करताना त्या लंगडत असतात.